पोरांच्या दंग्यावरून घर सोडायला लावता येतं का?



गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. वडगाव निंबाळकरच्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, बायका घराकडे निघाल्या, तरी एक ताई सतरंजीवरून उठेना. विचारलं तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आठ दिवसांत खोली रिकामी करा म्हणल्यात. पोरं लई कालवा करतात म्हणून. पोरांची परीक्षा तोंडावर आलीय, आता कुठं जायचं?"

तिचा नवरा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. दोन मुलं, एक तिसरीत आणि एक पहिलीत. पाच हजार रुपये डिपॉझिट हातावर दिलेलं, करार नाही, पावती नाही. आणि अडचण अशी की खोलीची मालकीण आमच्याच गटातली. वय सत्तरीच्या पुढं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, दुपारी जरा डोळा लागला की खाली अंगणात पत्र्याच्या दारावर चेंडू आपटायला सुरुवात. त्या दिवशी त्या बैठकीला आल्याच नव्हत्या.

आम्ही त्या ताईला काय सांगितलं? "जाऊ दे गं, घर त्यांचं आहे. आपण दुसरी खोली बघू." गटाच्या समन्वयिका म्हणून लोक आमच्याकडं विचारायला येतात, आणि आम्ही हे उत्तर दिलं. रात्री झोप आली नाही. घर त्यांचं आहे हे खरं, पण म्हणून आठ दिवसांत लेकराबाळांसकट बाहेर काढता येतं का, हे आम्हाला स्वतःलाच माहीत नव्हतं. मग आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. बारामतीच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जाऊन आलो. त्यातून कळलेली हकिगत आज सांगायची आहे. ती शंभर-सव्वाशे वर्षं मागं जाते, म्हणून थोडं सबुरीनं ऐका.

भाड्याच्या घराचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठा झाला तो मुंबईत. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत कामाला गेली. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन, शिवाय गावाकडचे दोन-चार गाववाले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्तीत तो पसरला. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारनं सुधारणा ट्रस्ट काढला. ट्रस्टनं अनेक कोंदट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, काही चाळीही बांधल्या. पण पाडलेली घरं जास्त आणि बांधलेली कमी, त्यामुळं खोल्यांची टंचाई वाढतच गेली. पुढं १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आपल्याकडचा गोठासुद्धा कधी कधी याहून मोठा असतो.

अशा खोलीत मूल गप्प कसं बसणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना त्यांचं कुटुंब परळच्या एका चाळीत एकाच खोलीत राहायचं. तिथंच चूल, तिथंच सरपण, तिथंच सगळ्यांचं झोपणं. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील रामजीबाबा त्यांना संध्याकाळी लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. दिवसभराचा गलका कुणी थांबवू शकत नव्हतं, म्हणून बापानं आपली झोप दिली.

घर सोडायला लावणं म्हणजे काय, हेही बाबासाहेबांनी सोसलं. १९१७ साली ते परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. खोली कुणी देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. गुन्हा काय? जात. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आजही "पोरं दंगा करतात" असं जे तोंडानं सांगितलं जातं, त्याच्या मागं कधी कधी वेगळंच कारण असतं. कुणाला जात कळलेली असते, कुणाला मटणाचा वास चालत नाही, कुणाला नवीन भाडेकरू हजार रुपये जास्त देणार असतो. म्हणून कुणी घर सोडायला सांगितलं, की खरं कारण काय हे पहिल्यांदा बघावं.

आता कायदा कुठून आला ते पाहू. त्या काळी मालकाला कारण सांगावंच लागत नसे. भाडं वाढवायचं, नाही दिलं तर बाहेर काढायचं. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धाच्या कारखान्यांत कामगार वाढले, घरं तेवढीच राहिली, आणि मालकांनी भाडी वाढवली. हे मुंबईत झालं तसंच विलायतेतही झालं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचं शहर आहे. तिथल्या गोवन भागात मेरी बार्बर नावाच्या बाईनं आपल्यासारख्याच घरसंसार करणाऱ्या बायका एकत्र केल्या. पुरुष लढाईवर नाहीतर कारखान्यात. बायकांनी ठरवलं, वाढीव भाडं द्यायचं नाही. घर रिकामं करायला न्यायालयाचा माणूस आला की जिन्यातली बाई घंटा वाजवायची, आणि सगळ्या बायका हातातलं काम टाकून धावायच्या. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या हातात ओले कपडे. तो माणूस पिठानं पांढरा होऊन परत जायचा. वीस हजारांच्या वर भाडेकरू या लढ्यात उतरले. नोव्हेंबर १९१५ मध्ये हजारो लोक न्यायालयावर चालून गेले, आणि त्याच वर्ष संपायच्या आत ब्रिटिश संसदेनं भाडी युद्धाआधीच्या दरावर बांधून ठेवणारा कायदा केला.

तोच मार्ग पुढं इथंही आला. १९१८ साली मुंबईत युद्धकाळातला पहिला भाडे निर्बंध कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पुन्हा तसेच कायदे आले. आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. फाळणीनंतर निर्वासित येत होते, घरं मिळत नव्हती, असा तो काळ. या कायद्यानं दोन मोठ्या गोष्टी केल्या. भाडं साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं. आणि मालकाला सांगितलं, भाडेकरू भाडं देतोय तोवर त्याला काढता येणार नाही. काढायचंच असेल तर कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकी एक कारण पाहिजे, आणि ते न्यायालयात सिद्ध करायला पाहिजे.

त्या कारणांच्या यादीत एक कारण होतं, भाडेकरूनं किंवा त्याच्या घरात राहणाऱ्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणं. आपला आजचा विषय या एका ओळीत आहे. पुढं ती ओळ कशी वापरायची यावर मालक आणि भाडेकरू कैक वर्षं भांडत आले.

गावाकडं त्याच वेळी दुसरा कायदा झाला, १९४८ चा कुळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला असेल. जमीन कसणाऱ्याची झाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुळानं मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चानं घर बांधलं असेल, तर त्या घरातून त्याला सहज उठवता येणार नाही, असंही त्या कायद्यात लिहिलं आहे. म्हणजे जमीन आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्हीचा विचार तेव्हा झाला होता.

शहरात मालकांनी मग वेगळी वाट काढली. भाड्याचा करार करायचाच नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' करायचं. म्हणजे तुम्ही भाडेकरू नाही, तुम्हाला फक्त राहायची परवानगी दिली. मग भाडेकरूचं संरक्षण लागू होत नाही. १९७३ मध्ये सरकारनं कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरू मानलं. त्यानंतर मालक घर द्यायलाच घाबरू लागले. १९४० चं भाडं आणि पन्नास वर्षांनंतरची महागाई, त्यामुळं इमारतींची डागडुजी होईना. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग आला आजचा कायदा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

या कायद्यात काय आहे ते सावकाश सांगतो, वहीत लिहून घ्या.

कलम १५ म्हणतं, ठरलेलं भाडं देत असाल आणि कराराच्या अटी पाळत असाल, तर मालकाला ताबा मागता येत नाही. कलम १६ मध्ये ताबा मागायची कारणं आहेत. उपद्रवाचं कारण त्यात आजही आहे. पण तो ठरवणार न्यायालय. मालकानं सांगितलं म्हणून तो उपद्रव होत नाही. तक्रार शेजारी राहणाऱ्याला होणाऱ्या त्रासाची पाहिजे, आणि पुरावा पाहिजे. मालक वरच्या मजल्यावर राहत असेल तर तोही शेजारीच, हे विसरायचं नाही. लहान मूल रडणं, दिवसा खेळणं, पळणं हे कुठल्याही घरात चालतं. रोज मध्यरात्री मुद्दाम आदळआपट, शिवीगाळ, दगड मारणं, सांगूनही न थांबणं, ही वेगळी गोष्ट. पहिल्याला संसार म्हणतात, दुसऱ्याला उपद्रव म्हणता येईल.

कलम २९ म्हणतं, मालकाला पाणी, वीज अशा गरजेच्या सोयी तोडता येत नाहीत. घर सोडावं म्हणून मोटर बंद करणं, मीटर काढणं हे चालत नाही. कलम ३१ प्रमाणं भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. आणि कलम ५५ प्रमाणं करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

इथं दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या. पहिली, लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं. न सोडल्यास दुप्पट भरपाई भरावी लागते. मुदतीच्या आत मात्र करारात लिहिलं असेल तसंच मालकाला वागावं लागतं. म्हणून सही करण्याआधी नोटिशीचा कलम किती दिवसांचा आहे ते वाचा.

दुसरी, हा १९९९ चा कायदा सगळ्या गावांना लागू नाही. तो ज्या शहरांना आणि भागांना लागू आहे त्यांची यादी कायद्याच्या शेवटी जोडलेली आहे. जे गाव यादीत नाही, तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्यात महिन्याच्या भाड्याची खोली असेल तर मालक कारण न सांगताही पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊ शकतो. खेड्यातल्या भाडेकरूचं संरक्षण असं कमी आहे, हे कडू असलं तरी खरं आहे. पण नोटिशीची मुदत संपली म्हणून मालकाला सामान बाहेर फेकता येत नाही. तुम्ही गेला नाहीत, तर त्यानं न्यायालयात जायचं. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की एखाद्याचा ताबा स्थिर झालेला असेल तर खुद्द मालकालाही त्याला कायद्याच्या मार्गानंच काढावं लागतं. आणि कुणी जबरदस्तीनं बाहेर काढलंच, तर १९६३ च्या एका कायद्याप्रमाणं सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. सहा महिने हे लक्षात ठेवा, त्यानंतर हा दरवाजा बंद होतो.

बायकांसाठी आणखी दोन गोष्टी. करार नवऱ्याच्या नावावर असतो. १९९९ च्या कायद्यात नवरा वारला तर त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली माणसं भाडेकरू होऊ शकतात, विधवेला "आता तू कोण?" असं विचारता येत नाही. आणि नवरा सोडून गेला असेल, तरी त्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या बायकोला घर खाली करण्याच्या दाव्यात स्वतःची बाजू मांडता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये म्हटलं आहे. अर्थात भाडं तिला भरावं लागतं.

मुलांच्या आवाजाबद्दल जगात काय चाललंय तेही आम्ही पाहिलं. अमेरिकेत पूर्वी "मुलं असलेल्यांना घर मिळणार नाही" अशा पाट्या असायच्या. १९८८ मध्ये कायदा बदलून त्यांनी मुलं आहेत म्हणून घर नाकारायला बंदी केली. जर्मनीत पाळणाघरांच्या आणि खेळाच्या मैदानांच्या शेजारचे लोक मुलांच्या आवाजाविरुद्ध न्यायालयात जायचे. २०११ मध्ये तिथल्या संसदेनं कायद्यातच लिहिलं, की अशा ठिकाणचा मुलांचा आवाज एरवी त्रासदायक प्रदूषण धरायचा नाही. आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ ठरवणारे, पण त्यांचा रोख लाऊडस्पीकर, डीजे, फटाके यांच्यावर आहे. तिसरीतल्या पोराच्या चेंडूवर नाही.

आता आमच्या त्या ताईकडं परत येऊ. विधी सेवा समितीतून आल्यावर आम्ही पहिल्यांदा तिची माफी मागितली. आमचा सल्ला चुकला होता. मग मालकीणबाईंकडं गेलो. कायद्याचा धाक दाखवायला नाही, चहाला. त्या म्हणाल्या, "मला काय पोरांचा राग आहे का? माझीपण नातवंडं आहेत. पण डोळा लागत नाही गं, डोकं भणभणतं." हेही खरंच होतं. त्यांचं घर म्हणजे त्यांची पेन्शन. ते भाडं आलं नाही तर गोळ्या येत नाहीत.

दोघींना समोरासमोर बसवलं. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर अंगणात खेळ नाही. पत्र्याच्या दाराला आतून जुनं गोधडं बांधायचं. चेंडू शाळेच्या मैदानावर. भाडं महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आणि पावती गटाच्या वहीच्या कागदावर का होईना, पण सहीची. परीक्षा होऊन शाळा सुटेपर्यंत खोली खाली करायचा विषय काढायचा नाही. हे सगळं एका कागदावर लिहिलं, दोघींनी सह्या केल्या, गटाच्या दोघी साक्षीदार.

सगळं गोड झालं असं नाही. एप्रिलमध्ये एकदा पुन्हा कुरबुर झालीच. शेवटी जूनमध्ये त्या ताईनं शाळेच्या जवळ दुसरी खोली घेतली. पण तिनं स्वतः बघून, स्वतःच्या वेळेला घेतली. पोरांची परीक्षा बुडाली नाही. डिपॉझिटचे पाच हजार हातात मिळाले. आणि दोघी आजही एकाच गटात आहेत, एकाच सतरंजीवर बसतात. आठ दिवसांत सामान रस्त्यावर आलं असतं तर हे झालं नसतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा प्रश्न आला तर एवढं करा. खोली घेतानाच करार लेखी करा, नोंदणी करून घ्या. भाडं शक्यतो बँकेतून किंवा मोबाइलवरून द्या, म्हणजे नोंद राहते. हातावर दिलं तर पावती घ्या. मालकानं भाडं घ्यायला नकार दिला तरी ते त्यांच्या खात्यावर पाठवा, नाहीतर "भाडं थकवलं" हे नवीन कारण तयार होतं. तोंडी सांगण्याला घाबरून सामान बांधू नका, नोटीस लेखी मागा आणि तिच्यावरची तारीख बघा. शेजारच्या दोन घरांना विचारा, मुलांचा त्रास खरंच होतो का. होत असेल तर आधी तो कमी करा. पाणी तोडलं, कुलूप लावलं, धक्काबुक्की झाली तर फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. वडगाव निंबाळकरचं पोलीस ठाणं आपल्या गावातच आहे.

आणि वकिलाचे पैसे कुठून आणू, ही काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. बारामतीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. फोन करायचा तर १५१०० हा नंबर, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि तुमच्यातल्या ज्या घरमालकीण आहेत, त्यांना एकच विनंती. नवीन भाडेकरू येईल तेव्हा मुलं किती, आवाजाच्या वेळा काय, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या आणि लिहून ठेवा. पुढची अर्धी भांडणं तिथंच टळतात.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या गटात भाड्यानं राहणाऱ्या किती जणी आहेत आणि त्यातल्या कितीजणींकडं लेखी करार आहे, हे वहीत लिहावं. आम्ही आमच्या गटात मोजलं तेव्हा एकीकडंही नव्हता. आता तिघींनी केला आहे.